उगवलेली फौज

"मास्तर! ओ मास्तर! अहो, तुमचे शिपाई उगवून राहिले!"

मावशीचा आवाज साधासुधा नव्हता. जठारपेठेतून तिनं हाक मारली की तिकडे स्टेशनावर उभी असलेली मालगाडी हलायची. गार्डाला वाटायचं, आपलीच शिट्टी वाजली. मी त्या वेळी विहिरीपाशी डोक्याला साबण लावून बसलो होतो. उन्हाळ्याची सुट्टी संपवून सकाळच्याच गाडीनं अमरावतीहून आलो होतो, वळकटी ओट्यावर टाकून आधी विहीर गाठली होती, आणि खोली उघडून झाडायला गेली ती मावशी. मी तसाच उठून पळालो. एका डोळ्यात साबण, कमरेला पंचा आणि एकाच पायात चप्पल, अशा अवतारात दाराशी पोचलो तर तिथं माणसं जमलेली. मी म्हणतो अर्धं अकोला होतं. मावशी म्हणायची, समोरची म्हातारी आणि एक दूधवाला. कोणाचं खरं मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पण शिपाई उगवले होते, यात मात्र माझ्या पदरचं काही नाही. खोलीच्या मधोमध माझं शहर होतं, मातीच्या कोटानं वेढलेलं. कोटाच्या बाहेर, काळ्या मातीच्या मैदानात, शत्रूची छावणी पसरलेली. आणि ती सगळीच्या सगळी छावणी दोन दोन हिरवी पानं वर करून उभी होती, जशी काही शरण येऊन हात वर केलेत.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"आता मले काय मालूम? जमिनीले भेगा पडून राहिल्या होत्या, जीव काही राहिला नाही माहा. लेकीकडे जायच्या आधी झारीनं चांगलं शिंपडून ठेवलं. गावावर नाही टाकलं पानी, लोकायची घरं पडली असती. बाहेरच टाकलं."

मावशी म्हणजे माझी घरमालकीण. जातीनं माळीण. घरामागे त्यांची वाडी होती; वांगी, मेथी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, आणि दसऱ्यासाठी झेंडू. नवरा पहाटे भाजी घेऊन बाजारात जायचा तो दुपार कलल्यावर यायचा, लेकी सासरी गेलेल्या. तिला तडकलेली माती दिसली की हात आपोआप झारीकडे जायचा. दुसऱ्या कोणी खोली झाडताना माझं शहर केरात काढलं असतं. हिनं त्याला पाणी घातलं. तिचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

चूक आमची होती. आमची म्हणजे माझी आणि माझ्या शत्रूची. तो शत्रू हाच माझा त्या काळातला एकुलता एक मित्र.

आम्ही दोघं अमरावतीचे. माझं घर परकोटाच्या आत, त्याचं बाहेर कँपात. माझे वडील भिक्षुकी करायचे, त्याचे वकिली. गावाभोवतीचा हा दगडी कोट पेंढाऱ्यांच्या भीतीनं बांधला. पाच वेशी, चार खिडक्या म्हणजे लहान दरवाजे, आणि भिंत अशी उंच की लहानपणी मला वाटायचं ढग तिला घासून जातात म्हणून अमरावतीत पाऊस कमी पडतो. एवढा मोठा कोट बांधला, पण त्याला साजेसा वेढा पडल्याचं काही मला कुठं वाचायला मिळालं नाही. आमच्या मते ही इतिहासाची कुचराई होती. ती भरून काढायचं काम आम्ही शाळेत असतानाच अंगावर घेतलं.

बाजू ठरवायला भांडावं लागलं नाही. मी आतला, म्हणून शहर माझं. तो बाहेरचा, म्हणून पेंढारी तो. त्यानं हल्ला करायचा, मी तग धरायचा. पाटीवर खडूनं, मग अंगणात राखेनं, मग कॉलेजात गेल्यावर त्यांच्या माडीवर मातीनं, असे आमचे वेढे वाढत गेले. लोक नाटकात गेले, राजकारणात गेले, तालमीत गेले. आम्ही दोन वाढलेले बाप्ये पालथे पडून काड्यापेटीच्या घरात कोण राहतं याच्यावर तासंतास बोलायचो. त्याच्या आईला वाटायचं आम्ही अभ्यास करतो. माझ्या आईला वाटायचं त्याच्या घरी जेवण चांगलं असतं. दोघींचंही थोडं थोडं खरं होतं.

मग मला अकोल्याला मास्तरकी लागली. इतिहास आणि, कोणी नाही म्हणून, भूगोल. तो अमरावतीतच वडिलांच्या हाताखाली वकिली शिकू लागला. मी जठारपेठेत ही खोली घेतली, आणि पहिल्याच रविवारी तो बडनेऱ्याला गाडी बदलून माझ्याकडे आला. खोलीकडे बघितलं. एक खाट, एक माठ, एक खिडकी, आणि बाकी सगळी मोकळी जमीन. म्हणाला, "अबे, इथं तर पूर्ण अमरावती बसते."

बसवली. वाडीतली काळी माती, त्यात कुटार म्हणजे भुसा आणि शेण, असा कोट लिंपला. पाच वेशी, चार खिडक्या, सगळं जिथल्या तिथं. घरं काड्यापेट्यांची, विहीर शाईच्या दौतीची, बाजारपेठेत बाटल्यांच्या बुचांतून ज्वारीचे दाणे भरून ठेवलेले. तो माझा धान्यसाठा. प्रत्येक खेळीला त्यातले दाणे खर्ची पडायचे, कारण वेढ्यात माणसं खातात. माझे शिपाई म्हणजे चिंचोके. भाजून घेतलेले, म्हणजे भुंगा लागू नये. त्याची तोफ म्हणजे एका मेलेल्या फाउंटन पेनाची नळी. तिच्यात तुरीचा दाणा घालायचा आणि फुंकर मारायची. त्यानं एकदा अशी फुंकर मारली की दाणा माझ्या उत्तरेच्या बुरुजाला लागून, खिडकीतून बाहेर जाऊन, वाडीत पडला आणि तिथं पुढच्या वर्षी तुरीचं झाड आलं, असं मी शाळेत पोरांना सांगत असे. पोरं विश्वास ठेवत. मग मीही ठेवू लागलो.

हल्ला यशस्वी झाला की नाही ते कवड्या टाकून ठरायचं.

आणि त्याची फौज सरकीची. जिनिंगच्या कारखान्यातून पोतंभर आणली होती. पोतं म्हणजे, खरं सांगायचं तर, रुमालभर. सरकीला कापसाची लव असते, तिच्यावर रंग बसेना. मग त्यानंच युक्ती काढली: सरकी शेणमातीत घोळायची, वाळवायची, मग लव दबते आणि रंग धरतो. केलं तसं. हात कोपरापर्यंत बरबटून घेतले. त्यांच्यावर गेरूचा एकेक ठिपका दिला, आणि भुसभुशीत काळ्या मातीत ओळीनं रोवले. आता वऱ्हाडात जन्मलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, शेणमातीत घोळलेली सरकी काळ्या मातीत ओळीनं लावणं याला काय म्हणतात. याला पेरणी म्हणतात. कापसाच्या मुलखातले दोन पदवीधर, एकाच्या घरी तर शेती, आणि दोघांनाही आपण पेरतोय हे कळलं नाही, कारण आम्ही युद्धात होतो.

खेळाचे नियम दोनच होते, पण वज्राहून घट्ट. दोघं समोरासमोर बसल्याशिवाय खेळी नाही. आणि एकाच्या माणसाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

दर रविवारी तो यायचा. त्याच्या चपलांचा आवाज मला जठारपेठेच्या तोंडापासून ओळखू यायचा. सोमवार ते शनिवार मी शाळेत गडगडत असे. माझा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातलं गणित बंद पडायचं, अशी ख्याती होती. पण ते बोलणं पोरांशी. आपल्या मनातलं बोलायचं तर आठवडाभर साठवून ठेवायचं आणि रविवारी वेढ्याच्या आडून बोलायचं. तो म्हणायचा, तुझा धान्यसाठा संपत आला. मी म्हणायचो, संपू दे, मला या नोकरीत करमत नाही. तो तुरीचा दाणा फुंकायचा आणि म्हणायचा, घरी माझ्यासाठी मुली बघतायत. असं आमचं युद्ध.

शिमग्याच्या अलीकडच्या एका रविवारी त्यानं नैर्ऋत्येच्या खिडकीपाशी कोट पाडला. चांगलं बोटभर खिंडार. माझे चिंचोके त्या बाजूला नव्हतेच. आता नुसत्या कवड्या टाकायच्या आणि आत शिरायचं. तेवढ्यात गाडीची वेळ झाली. त्यानं कवड्या माझ्या हातात ठेवल्या, चपला घातल्या, आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी घुसतो. तयार राह."

मी तयार राहिलो.

पुढच्या रविवारी दोन चटया टाकल्या, सांभारवड्यांचा पुडा आणून ठेवला, आणि गाडीच्या आवाजाकडे कान लावला. गाडी आली, गेली. चपला वाजल्या नाहीत. वड्या मावशीला दिल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मावशीला वाटलं मास्तर दर रविवारी आपल्यासाठी वड्या आणतात. तिनं माझ्याकडे नवऱ्याची तारीफ करायची सोडून माझी त्याच्याकडे करायला सुरुवात केली. मग मी स्टेशनावर जाऊ लागलो. तिथला तिकीट तपासणारा मला ओळखू लागला. त्याला मी सांगितलं की अमरावतीहून एक सरदार यायचे आहेत, फार मोठे, त्यांच्या स्वागताला मी असतो. तो दर रविवारी अदबीनं विचारायचा, सरदार आले नाहीत? मी म्हणायचो, मोहिमेवर आहेत.

आणि शहर तसंच उघडं पडलेलं. खिंडार मी बुजवू शकत होतो. एक चिमूटभर माती, एक बोट. पण समोर तो नव्हता, म्हणून माझी खेळी नव्हती. रोज सकाळी चहा पिताना मी त्या खिंडाराकडे बघत बसायचो. वेढ्यात अडकलेल्या माणसाला शत्रूची भीती वाटते असं मी वर्गात शिकवत असे. मला त्याची वाट पाहावी लागत होती.

सुट्टी लागली तसा अमरावतीला गेलो तो घरी वळकटी टाकून सरळ कँपात. तो वडिलांच्या बैठकीत काळा कोट घालून बसला होता, समोर पक्षकार. मला बघून हसला, चहा मागवला, आणि वडिलांना सांगितलं की हा अकोल्याला असतो. मी वाट पाहत होतो की आता तो खिंडाराचं काढेल. त्यानं उन्हाचं काढलं. मी विचारलं, केव्हा येतोस? म्हणाला, येतो ना. या रविवारी चांदूर रेल्वेला जायचं आहे, तिथले एक बडे पक्षकार रविवारीच भेटतात, पण येतो. बडनेऱ्याहून चांदूर एका दिशेला आणि अकोला दुसऱ्या. महिनाभर मी अमरावतीत होतो आणि प्रत्येक रविवारी तो चांदूरला होता. मला तर वाटतं, त्या उन्हाळ्यात चांदूर रेल्वेच्या प्रत्येक माणसावर खटला चालू असणार.

तिथून परत आलो तर इकडे हे असं, त्याची फौज हिरवी झालेली.

जमलेली माणसं हसून पांगली. दूधवाल्यानं मला सल्ला दिला की जरा विरळणी करा, दाट झालंय. मावशी पदर खोचून पुढे झाली आणि एक रोप उपटायला वाकली, तसा मी ओरडलो की हात लावू नका.

"काहून?"

मी तिला नियम समजावून सांगितला. ही माणसं माझी नाहीत. ज्याची आहेत तो समोर असल्याशिवाय त्यांना हलवता येत नाही. मावशीनं खोचलेला पदर सोडला. मग खिडकी पूर्ण उघडून, पडदा काढून, जाताना म्हणाली की उजेड तरी येऊ द्या त्यायले.

अशी माझ्या खोलीत कपाशी वाढली. लोकांना मी सांगायचो की बोंडं छताला लागली आणि मला खाटेवरून उतरताना धोतर वर धरून शेतातून यावं लागायचं. प्रत्यक्षात ती रोपं वीतभर झाली, फिकट, काडीसारखी. खोलीतल्या उजेडाला काय वाढणार! पण एक गोष्ट त्यांनी केली ती मी कधी पोरांना सांगितली नाही. उजेडाच्या ओढीनं ती सगळी खिडकीकडे वाकली. एकजात सगळी. माझं शहर त्यांच्या मागे पडलं. खिडकी स्टेशनाच्या बाजूला होती. पेंढाऱ्यांची अख्खी फौज माझ्याकडे पाठ करून गाडीची वाट बघत उभी होती, आणि त्यांच्या मागे खाटेवर मी.

श्रावणात एका रविवारी मी चटया टाकून बसलो असताना मावशी दारात आली. रविवारचं तिचं घरही रिकामंच असे. नवरा आठवडी बाजार धरून फिरायचा. तिनं माझ्या मुठीतल्या कवड्यांकडे बोट दाखवलं.

"द्या इकडे. मी टाकतो म्हणतो. सोंगट्यात मले कोणी हरवलं नाही अजून."

मी म्हणालो की मावशी, हा शत्रूचा डाव आहे.

"मंग? शत्रू व्हाले मी काय कमी आहो?"

ती खरंच चटईवर बसली. बांगड्या मागे सारल्या, हात पुढे केला. मी कवड्या मुठीत धरून राहिलो. मी तिला परत नियम सांगितला, फार लांबण लावून सांगितला, त्यात दोन-चार लढायांचे दाखले दिले. तिनं सगळं ऐकून घेतलं, बांगड्या पुन्हा खाली सोडल्या, आणि वांग्यांना पाणी द्यायचं आहे म्हणून उठली. त्यानंतर ती रोपांना रोज सकाळी वाटीभर पाणी घालायची, पण चटईवर बसली नाही.

गणपती गेले, दसरा गेला. एका रोपाला एक फूल आलं. पिवळं, मग दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग गळून पडलं. ते नेमकं खिंडाराच्या तोंडाशी पडलं. मी उचललं नाही; त्याचं होतं.

तुळशीचं लग्न झाल्यानंतरच्या एका रविवारी, मी स्टेशनावर जायचं सोडून दिल्यावर, जठारपेठेच्या तोंडाशी चपला वाजल्या नाहीत. बूट वाजले. म्हणून मी ओळखलं नाही. दारात तो उभा होता, नव्या कोटात, हातात अक्षता आणि पत्रिकांचा गठ्ठा. लग्न ठरलं होतं. मुलगी नागपूरची, आणि पुढे तो नागपूरलाच वकिली करणार होता. दोन गाड्यांच्या मधे अकोल्याचे नातेवाईक उरकून, शेवटचा माझ्याकडे आला होता.

मी दोन्ही चटया टाकल्या. तो आत आला, कपाशी बघितली, आणि असा हसला की त्याला डोळे पुसावे लागले. "अबे, हे काय पेरलं?" मी शेणमातीची हकीकत सांगितली. मी सांगितली तशी ती कोणी सांगू शकणार नाही. मावशीची हाक, दूधवाला, छताला लागलेली बोंडं, सगळं. तो हसत राहिला. मावशी चहा घेऊन आली, तिलाही त्यानं विचारलं की एकरी किती निघेल. त्याला बसायला जागा होती पण कप ठेवायला नव्हती, सगळीकडे छावणी. मग त्यानं हात लांब करून, मातीच्या कोटावरून, बशी माझ्या शहराच्या चौकात ठेवली. बाजारपेठेत, ज्वारीच्या बुचांशेजारी. गप्पा मारता मारता तो दर थोड्या वेळानं कोटाच्या आत हात घालून कप उचलायचा आणि परत तिथंच ठेवायचा.

मी कवड्या मांडीखाली धरून बसलो होतो. आता काढेल, मग काढेल. त्यानं सासऱ्यांच्या घराचं वर्णन केलं. नागपूरच्या संत्र्यांचं केलं. मावशी दाराला टेकून उभी होती, ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा त्या खिंडाराकडे. शेवटी त्यानं घड्याळ बघितलं, अंगातला कोट झटकला, माझ्या हातावर अक्षता ठेवल्या, आणि लग्नाला नक्की ये म्हणाला. मी म्हणालो, वरातीत मी असा नाचेन की घोडा लाजून बाजूला होईल.

स्टेशनापर्यंत मी सोबत गेलो. तिकीट तपासणाऱ्यानं त्याला वाकून नमस्कार केला. त्याला का ते कळलं नाही. गाडी उभी होती. तो खिडकीशी बसला, मी बाहेर उभा. बोलायचं सगळं संपलं होतं, आणि गाडी काही हलेना. तेव्हा मी विचारलं. जमेल तेवढ्या हलक्या आवाजात, जसं काही आत्ताच आठवलं.

"खिंडार उघडंच आहे अजून. मी हात लावला नाही. डाव तुझा आहे, तर कवड्या टाकतोस का इथंच? मी घेऊन आलोय."

त्यानं माझ्या मुठीकडे बघितलं. त्याला आठवायला थोडा वेळ लागला. मला ते दिसत होतं. मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"अरे, तो वेढा होय? तो तर मी शिमग्यालेच उठवला होता. तुले सांगायचं राहून गेलं."